लंगडणाऱ्या घोड्याला विश्रांती द्यायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : आम्ही गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका गावात राहतो. गेल्या मार्चमध्ये पुण्याहून आम्ही शर्यतीतून निवृत्त झालेला सहा वर्षांचा घोडा आणला. जानेवारीत, मुंबईच्या हंगामात, त्याच्या पुढच्या डाव्या पायाची नस दुखावली, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. गायींच्या गोठ्याला लागून त्याची सोय केली आहे. महिनाभर त्याला दाव्यावरून सोडले नाही, दुखण्याची पावडर दिली, सूज उतरली. मेच्या सुरुवातीला माझा मुलगा त्याच्यावर बसून कापणी झालेल्या शेतातून चार फेऱ्या मारून आला आणि दुसऱ्या दिवशी घोडा पुन्हा लंगडू लागला. एक जण सांगतो, पायाला डाग द्या. दुसरा सांगतो, रोज समुद्रावर नेऊन वाळूत चालवा. खाण्याला नेपियर गवत, गव्हाचा कोंडा आणि हरभरा देतो. विश्रांती किती महिने द्यावी? त्याच्यावर पुन्हा बसता येईल का? पावसाळा तोंडावर आहे, आणि किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावर फिरवणारा एक माणूस त्याला विकत मागतो आहे.

उत्तर : सूज उतरली, पाय हाताला गार लागला आणि घोडा सरळ चालू लागला, तेव्हा नस बरी झाली असे आपण धरून चाललात. आयुष्य घोड्यांत काढलेल्या माणसांच्या हातूनही हीच चूक होते, आणि माझ्याही हातून ती झालेली आहे. पुण्यातल्या एका पागेत काम शिकत असताना अशाच दुखण्याच्या एका घोडीचा पाय चौथ्या महिन्यात मला अगदी निर्दोष वाटला, आणि तिला हलक्या दौडीला सोडायला हरकत नाही असे मी सांगितले. तिसऱ्या सकाळी ती तीन पायांवर परत आली. तेव्हा मुलाला बोल लावू नका. त्याला जे दिसले त्यावरून कोणीही तेच केले असते.

पाय असा का फसवतो हे समजले, तर पुढचे महिने धीर धरणे सोपे जाईल. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाड असते आणि त्याच्या मागून खाली उतरणाऱ्या दोन कंडरा असतात, ज्यांना आपण बोलीत नसा म्हणतो आणि रेसकोर्सवर टेंडन म्हणतात. त्यांपैकी कातडीलगतची, वरची कंडरा शर्यतीच्या घोड्यात सर्वांत जास्त दुखावते, कारण भरधाव धावताना क्षणभर सगळे अंग एकाच पुढच्या पायावर येते आणि ती कंडरा तुटण्याच्या बेताला येईपर्यंत ताणली जाते. एकदा तिच्यातले तंतू फाटले की शरीर ती जागा भरून काढते, पण तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे हे काम फार सावकाश चालते. शिवाय सुरुवातीला भरला जाणारा धागा मूळच्यासारखा लवचीक नसतो आणि सरळ रेषेतही नसतो, तो कसाही गुंतलेला असतो. वेदना आणि सूज काही आठवड्यांत जातात. तो गुंता सुटून तंतू ओढीच्या दिशेने लागायला नऊ ते बारा महिने आणि कधीकधी त्याहूनही अधिक काळ लागतो. मेमध्ये पाय पुन्हा दुखावला असेल, तर जानेवारीपासूनचे महिने हिशेबात धरता येणार नाहीत.

‘असेल तर’ असे मी मुद्दाम लिहिले आहे. या वेळचे लंगडणे त्याच नसेचे आहे हे आपल्या पत्रावरून मला ठरवता येत नाही, आणि कारण न ठरवता दिलेली विश्रांती पुष्कळदा वाया जाते. अंगणात चिऱ्यांची सपाट फरशी असेल तर तिथे घोड्याला दोर सैल धरून सरळ रेषेत दुडक्या चालीने दहा-बारा पावले न्या, आणि दुसऱ्या कोणाला तरी समोरून मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करू द्या. दुखरा पुढचा पाय जमिनीला लागतो त्या क्षणी घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना ती खाली सोडतो. डोळ्यांना हे उमगले नाही तर डोळे मिटून टापा ऐका. दुखऱ्या पायाची टाप हलकी पडते आणि दोन ठोक्यांतला एक जणू गिळलेला ऐकू येतो. एकदा पाय ठरला की आणखी दुडकवू नका.

मग त्याचा गुडघा वाकवून पाय आपल्या मांडीवर घ्या, म्हणजे नस सैल पडते, आणि नळीच्या हाडामागून अंगठा व तर्जनीच्या चिमटीत ती धरून गुडघ्यापासून खाली अगदी हळूहळू बोटे सरकवत या. निरोगी नस ताठ दोरीसारखी, कडा स्पष्ट असलेली लागते. दुखावलेल्या नसेत मधेच एखाद्या जागी ती जाड, मऊ आणि कडा हरवलेली वाटते, आणि तिथे किंचित दाब दिला की घोडा पाय ओढून घेतो. दुसऱ्या पायाची नस त्याच बोटांनी तपासून फरक पाहा. त्यानंतर खूर हातात घ्या. पावसाच्या दिवसांत एकाएकी आलेल्या लंगडण्यामागे खुराच्या आत पू होणे हे अगदी नेहमीचे कारण असते. अशा वेळी खूर गरम लागतो आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना, नाडी बोटांखाली जोराने उडताना जाणवते. तसे असेल तर पशुवैद्य पू काढून देतील आणि घोडा काही दिवसांत ठीक होईल. ते कारण निघाले तर मला आनंदच होईल.

तपासणीसाठी पशुसंवर्धन खात्याच्या आपल्या जवळच्या दवाखान्यात जा. गोव्यात रेसकोर्स नाही, त्यामुळे केवळ घोडे पाहणारा डॉक्टर मिळणे कठीण आहे, पण त्याने अडून राहू नका. गायी-म्हशी गाभण आहेत का हे पाहण्याचे जे सोनोग्राफी यंत्र असते, त्याच्याच सरळ प्रोबने पायाची नस पुष्कळ चांगली दिसते. दोन्ही पायांची, गुडघ्यापासून खाली ठरावीक अंतरांवर चित्रे काढून घ्या, आणि ती मुंबई किंवा पुण्याकडच्या घोड्यांच्या डॉक्टरांना दाखवायची विनंती करा. सोबत फेटलॉकचा, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याचा, एक्स-रे काढता आला तर अवश्य काढा, कारण शर्यतीच्या घोड्यात तिथे हाडाचा कपचा निघालेला असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. ज्यांच्याकडून घोडा आणला त्यांच्याकडे जानेवारीचे तपासणीचे कागद मागा.

आता नस खरोखर दुखावली आहे असे धरून लिहितो. पाय अजून गरम असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा वीस-वीस मिनिटे बर्फाने शेका. मासळीसाठी फोडलेला बर्फ आपल्याकडे कुठेही मिळतो. तो ओल्या फडक्यात गुंडाळून लावा, त्यात मीठ अजिबात मिसळू नका, कारण मिठाच्या बर्फाने कातडी भाजते. दोन्ही पुढच्या पायांना कापसाचा जाड थर देऊन वर पट्टी बांधा, कारण दुखरा पाय वाचवताना चांगल्या पायावर जादा ओझे येते. पट्टी दिवसातून दोनदा सोडून पाय कोरडा करून पुन्हा बांधा. कुठे घट्ट, कुठे सैल बांधलेली पट्टी स्वतःच नसेला इजा करते. पट्टी नीट बांधता येत नसेल तर ती न बांधणे बरे.

डाग देऊ नका. तापलेल्या सळईने कातडी भाजल्यावर घोड्याला सक्तीने अनेक महिने उभे ठेवावे लागते, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीने जो फायदा होतो त्याचे श्रेय डागाला मिळते. आतली नस त्याने लवकर किंवा अधिक मजबूत भरत नाही. जनावराला मात्र यातना होतात.

दुखण्याची पावडर बहुधा फेनिलब्युटाझोन असेल. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती देणे योग्यच आहे, पण घरच्या घरी चालू ठेवू नका. तिने पोटात व आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि वेदना झाकली गेल्यामुळे घोडा जो पाय जपायला हवा तो जपत नाही. एका वेदनाशामकावर दुसरे देणे तर अधिकच घातक. नसेत स्टिरॉइडचे इंजेक्शन देतो असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्या. त्याने सूज जाते, पण नस कमजोर होते.

आता विश्रांतीकडे येतो. महिनाभर दाव्याला बांधून ठेवणे ही विश्रांती झाली नाही, आणि शेतात मोकळा सोडणे ही तर मुळीच नव्हे. बांधलेल्या घोड्याची नस कशीही भरते, कारण तंतूंना सरळ लागायला थोडी, मोजकी ओढ लागते. मोकळा सोडलेला घोडा एका उडीत महिन्याचे काम उधळतो. याचे उत्तर म्हणजे ज्यात तो वळू शकेल, लोळू शकेल अशी किमान बारा फूट लांब-रुंद खोली, आणि तिच्यातून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटे, हाताने धरून चालवणे.

पहिले दोन आठवडे, गरमपणा जाईपर्यंत, फक्त खोली आणि दोन वेळा पाच-पाच मिनिटे. त्यानंतर दर आठवड्याला साधारण पाच मिनिटे वाढवत जा, म्हणजे चवथीपर्यंत, गणेशचतुर्थीपर्यंत, तो सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालू लागेल. जमीन सपाट आणि टणक हवी. रुतणारी, निसरडी किंवा खडबडीत नको. चवथीनंतर पुन्हा सोनोग्राफी करा. चित्रात सुधारणा दिसली आणि डॉक्टरांनी होकार दिला, तरच सरळ रेषेत दोन-तीन मिनिटे दुडकी, आणि तीही हळूहळू वाढवायची. दिवाळीनंतर तिसरे चित्र. लहानशा कुंपणात दिवसातले काही तास मोकळे सोडण्याचा विचार तेव्हा करता येईल. पाठीवर मात्र पुढच्या शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सणापर्यंत, कोणी बसायचे नाही. आपल्या भागात घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केला जाणारा नाच, नाचणाऱ्यांना पाहत वाढलेल्या मुलाला खरा घोडा दारात असून त्यावर बसता येऊ नये, हे किती जड जाईल याची मला कल्पना आहे. त्याला चालवण्याची वही ठेवायला द्या. तारीख, मिनिटे, पायाची ऊब, सूज, लीद किती वेळा टाकली, एवढे त्याने रोज लिहिले तर डॉक्टरांना त्या वहीचा कोणत्याही औषधाइतका उपयोग होईल.

कोंडून राहिलेला शर्यतीचा घोडा दाराबाहेर पडताच उसळतो, हे गृहीत धरा. चालवताना नुसता दोर न बांधता लगाम घाला, मुलाला हेल्मेट द्या आणि पहिल्या महिन्यात एकट्याने नेऊ नका. चवथीच्या आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत त्याला संध्याकाळी खोलीतच ठेवा व जवळ माणूस असू द्या. खोलीतून त्याला गायी दिसू द्या. घोडा कळपाचा प्राणी आहे, एकटा पडला की लाकूड चावू लागतो, अंग डोलवू लागतो, आणि ते दुखावलेल्या पायाला परवडणारे नाही.

आपण दिलेल्या खाण्याच्या यादीने मला पायाइतकीच काळजी वाटली. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. नेपियरमध्ये ऑक्झलेट असते, आणि ते गवतातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे घोड्याच्या अंगी लागत नाही. गायीला रवंथाच्या पोटामुळे हे पुष्कळसे पचते, घोड्याला पचत नाही. दोन्ही रोज, महिनोन्‌महिने दिले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते, हाडे पोकळ होतात, तोंडाची हाडे फुगतात, आणि घोडा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडू लागतो. दोष आपला नाही, दुधाची गुरे पाळणाऱ्या घरात हाच चारा हाताशी असतो. पण कोंडा बंद करा, नेपियर कमी करत न्या, आणि त्याऐवजी रानातले चांगले वाळलेले गवत व घाटावरून येणारी वाळकी लसूणघास द्या. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो वाळका चारा लागतो. त्यात लसूणघास दीड-दोन किलो पुरे. हरभऱ्याची चंदी दहा दिवसांत हळूहळू किलोभरावर आणा, कारण धावण्यासाठीचे खाणे उभ्या घोड्याला दिले की तो उसळतो आणि पोटशूळही होऊ शकतो. मूठभर मीठ रोज हवे. चुनखडीची पूड किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा. चारा जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा. बुरशी लागलेले गवत टाकून द्या, गुरांना चालते म्हणून त्याला देऊ नका.

पावसाळ्यात त्याची खोली कोरडी राहणे ही निम्मी शुश्रूषा आहे. खाली रबरी मॅट आणि तिच्यावर लाकडाच्या गिरणीतला भुसा जाड पसरा. भाताचा पेंढा पसरला तर तो खात बसेल. खुराच्या तळव्याच्या खाचा रोज दोनदा कोरून काढा, आणि तिथे काळा, दुर्गंधी येणारा चिकटा दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोठा शेजारी असल्यामुळे गोचीड आणि मोठ्या चावऱ्या माशा यांच्यावर लक्ष ठेवा. त्यांच्यापासून होणाऱ्या सर्रासारख्या रोगांत अधूनमधून ताप येतो, पोटाखाली व पायांवर सूज उतरते, आणि ती सूज नसेची समजून आपण दुसऱ्याच उपचारात गुंतून राहाल. धनुर्वाताची लस दिलेली आहे याची खात्री करून घ्या. आणखी एक गोष्ट, जी गोव्यात विसरून चालत नाही : दमट उकाड्यात काही घोड्यांना घाम येणेच बंद होते. चालून आल्यावर अंग कोरडे, नाकपुड्या फुगलेल्या आणि धाप लागलेली दिसली, तर लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा. चालवण्याची वेळ सूर्य वर येण्यापूर्वीची ठेवा.

नालबंद घाटावरून बोलवावा लागला तरी पाच-सहा आठवड्यांनी तो यायलाच हवा. शर्यतीच्या घोड्यांचा खूर बहुधा पुढून लांब आणि टाचेला खचलेला असतो. तो एका भेटीत सरळ होत नाही, थोडाथोडा आणावा लागतो. टाच उंच करणारी नाल लावली की नस सैल पडते, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. तिने आराम पडतो तो खोल कंडरेला. वरच्या कंडरेचे ओझे त्याने कमी होत नाही.

समुद्राचे विचारलेत. कोरड्या, भुसभुशीत वाळूत प्रत्येक पावलाला पाय रुततो आणि नसेवर जादा ताण येतो, तेव्हा त्या सल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू आणि गुडघ्याइतके पाणी पुढे, पावसाळा संपल्यावर, चालवण्याची मिनिटे वाढलेली असताना अधूनमधून उपयोगी पडेल. त्यासाठी डिचोलीहून गाडीत चढवून इतक्या दूर नेण्याची गरज मात्र नाही.

त्याच्यावर बसता येईल का, याचे उत्तर तिसऱ्या चित्रानंतर देता येईल. एकदा दुखावलेली नस पुन्हा दुखावण्याची शक्यता कायमच अधिक राहते, म्हणून भरधाव दौड आणि उड्या त्याच्या आयुष्यातून संपल्या असे समजा. पण हलक्या अंगाच्या माणसाला घेऊन रानवाटेने शांतपणे चालणे, थोडे दुडकणे, एवढे पुष्कळ घोड्यांना जमते आणि ते त्यांना आवडतेही. तेवढेही जमले नाही, तर कुंपणात वेदनेशिवाय चरणारा घोडा म्हणून तो अजून पंधरा-वीस वर्षे आपल्याकडे राहू शकतो. तो खर्च आपल्याला झेपेल का, याचा विचार घरात आत्ताच, मोकळेपणाने करा.

किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र त्याला विकू नका. तिथे त्याला पावडर देऊन, मऊ वाळूत, दिवसभर पाठीवर माणसे बसवून चालवतील, आणि तो लंगडतो आहे हे पहिल्या पावसापर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. ठेवणे अशक्यच झाले तर त्याच्या पायाचे सगळे कागद आणि मुलाची वही सोबत देऊन, त्याच्यावर कोणी बसणार नाही हे मान्य करणाऱ्याच घरी त्याला द्या. सोनोग्राफीची पहिली चित्रे आली की मला पुन्हा लिहा, आणि त्यात फाटलेल्या जागेची लांबी किती सांगितली आहे ते अवश्य कळवा.